तारवट्याचा प्रिन्स्टन

माझ्या टेबलावर बहुतेक वेळा रेडिओ असतात. मर्फी, बुश, फिलिप्स. कुणाच्या आजोबांचे, कुणी जुन्या बाजारातून उचललेले. गिटारचा अ‍ॅम्प क्वचित येतो, आणि आला तरी ट्रान्झिस्टरचा. म्हणून या पावसाळ्यात फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिन्स्टन रिव्हर्ब आला तेव्हा हातातली कामं बाजूला ठेवून मी तो आधी घेतला.

अ‍ॅम्प ज्यांचा, ते पुण्यात नोकरी करतात, मूळचे गोव्यातल्या बार्देशातले. त्यांचे मामा तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते. अमेरिकेच्या फेऱ्यांवर असताना त्यांनी हा अ‍ॅम्प विकत घेतला आणि बोटीतून गोव्याला आणला. लग्नात, फेस्ताला तो वाजायचा. मामा गेल्यावर बरीच वर्षं घरात पडून होता. भाच्याने पुण्याला आणून चालू केला. "ताई, आधी नुसता घूं करायचा. मग फ्यूज उडाला. एकाने दुरुस्त करून दिला, तर आता मागून जळका वास येतो," एवढी माहिती त्यांनी दिली. यातलं "दुरुस्त करून दिला" हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. मागचं झाकण काढून पाहिलं, तर फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळलेला होता.

माझं शिक्षण वडिलांच्या दुकानात झालं, साताऱ्यात. तिथे सगळं व्हॉल्वचंच, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचं. पुढे तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तिथे ऑसिलोस्कोप हाताशी आला. पण कामाची पद्धत वडिलांचीच राहिली: मीटर काय म्हणतं ते कळेपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापवायचं नाही. गिटार अ‍ॅम्पबद्दल इंटरनेटवर जे सल्ले मिळतात ते नेमके उलटे असतात. पन्नास वर्षांचा झालाय ना, मग सगळे कंडेन्सर बदला, सगळे रेझिस्टन्स बदला, नवे व्हॉल्व घाला. मला हे अजिबात पटत नाही. जुना भाग म्हणजे बिघडलेला भाग नव्हे. का, ते पुढे येईलच.

आधी अ‍ॅम्पचं वय. प्रिन्स्टन रिव्हर्ब हे मॉडेल १९६४ पासूनचं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत या अ‍ॅम्पच्या काळ्या पट्टीच्या जागी चंदेरी पट्टी आली. हा चंदेरी पट्टीचा. नेमकं साल पोटात लिहिलेलं असतं. व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटच्या पाठीवर १३७७१२२ असा आकडा आहे: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७१ म्हणजे साल, २२ म्हणजे आठवडा. ट्रान्स्फॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा, म्हणजे शूमाकर. स्पीकरवर ४६५, म्हणजे ऑक्सफर्ड. सगळ्यांचे आठवडे जुळवले की १९७१ च्या उत्तरार्धाच्या आधी हा अ‍ॅम्प कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातून निघाला नसणार, हे कळतं. आणि सगळ्या तारखा एकाच सुमाराच्या आहेत, म्हणजे दोन्ही ट्रान्स्फॉर्मर आणि स्पीकर मूळचेच. दुरुस्तीच्या दृष्टीने ही मोठी बातमी आहे. व्हॉल्व मिळतो, कंडेन्सर मिळतो. मूळचा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर गेला तर शोधत बसावं लागतं.

आता प्लग. मूळच्या केबलला तीन पिना असणार, पण तिसरी, अर्थची, कुणीतरी कापून टाकलेली. आणि अ‍ॅम्प चालायचा एका छोट्या स्टेपडाउनवर. अमेरिकन ११७ व्होल्टचा माल आपल्या २३० वर थेट लावायचा नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण स्वस्तात मिळणारे बरेच स्टेपडाउन ऑटोट्रान्स्फॉर्मर असतात, हे फारसं कुणी बघत नाही. त्यात एकच वाइंडिंग असतं आणि मधून टॅप काढलेला. येणारी आणि जाणारी बाजू एकमेकींपासून वेगळी होतच नाही. प्लग उलटा बसून फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर अ‍ॅम्पच्या एका तारेवर पूर्ण २३० व्होल्ट असतात आणि दुसरीवर १२०.

त्यात या काळातल्या फेंडरच्या पाठीमागे ग्राउंड नावाचा एक स्विच असतो. तो स्विच मेनच्या एका तारेपासून चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडतो. हेतू घूं कमी करण्याचा. गिटारवाले त्याला डेथ कॅप म्हणतात आणि ते नाव योग्य आहे. कंडेन्सर धडधाकट असला तरी २३० व्होल्टला त्यातून साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहतो. गिटारच्या तारांना हात लावला की झिणझिण्या. आणि तो शॉर्ट झाला तर चासी थेट फेजवर. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या, समोरचा माइक मिक्सरमधून अर्थ केलेला, आणि वाजवणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला. भाचे म्हणाले, "मामा वाजवताना चपला काढायचे नाहीत, आता कळलं का."

हा कंडेन्सर मी मोजला नाही. तो चांगला असो वा वाईट, काढूनच टाकायचा असतो. नवी तीन पदरी केबल घातली, अर्थची तार चासीला स्वतंत्र बोल्टने आवळली, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून दुहेरी वाइंडिंगचा २३० ते ११० चा ट्रान्स्फॉर्मर आणला, २५० व्हीएचा. अर्थची तार त्याच्यातून तशीच पुढे नेली.

११० च का, ११७ का नाही, याला कारण आहे. हा ट्रान्स्फॉर्मर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी बनलाय. आपल्याकडे ५० हर्ट्झ. तेवढ्याच व्होल्टला ५० हर्ट्झवर लोखंडी गाभ्यातला चुंबकी फ्लक्स २० टक्के वाढतो आणि ट्रान्स्फॉर्मर जास्त तापतो. व्होल्टेज ११० केलं की ही वाढ १३ टक्क्यांवर येते. त्याहून खाली, समजा १०० वर गेलो, तर गाभा खूश होईल पण व्हॉल्वचा ६.३ व्होल्टचा फिलामेंट ५.४ वर येईल, आणि फिलामेंटला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट सोसत नाही. ११० ला तो ५.९ मिळतो. चालतं. माझ्या मीटरवरही ५.९ च आला.

मग सिरीज लॅम्प. १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब २३० च्या बाजूला सिरीजमध्ये. यंत्र जास्त करंट ओढू लागलं की हा बल्ब पेटतो आणि करंट आवरतो. एलईडी चालत नाही. वडिलांच्या दुकानात भिंतीवर कायमचा लावलेला असायचा आणि कुठलाही रेडिओ आधी त्याच्यातून गेल्याशिवाय मेनला लागत नसे. सगळे व्हॉल्व काढले: बल्ब जेमतेम लाल. पॉवर ट्रान्स्फॉर्मर ठीक. ५यू४ रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व, बसवला, बाकी सॉकेट रिकामी: बल्ब चांगलाच पेटला आणि खाली येईना. म्हणजे रेक्टिफायरच्या पुढे कुठेतरी करंट गळतोय, आणि तिथे या घडीला फिल्टर कंडेन्सरशिवाय करंट खाणारं फारसं काही नाही.

प्रिन्स्टनमध्ये चार फिल्टर एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात असतात, प्रत्येकी २० मायक्रोफॅरड. व्हॉल्व रेक्टिफायरमधून येणारा डीसी सपाट नसतो, थबकत थबकत येतो. नळाला पाणी धार धरून येत नसलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे खाली एकसारखं मिळतं, तेच काम हा डबा करतो. आत ओली रासायनिक पेस्ट असते आणि ती वर्षानुवर्षं वाळत जाते. बूड पाहिलं तर दोन टर्मिनलजवळ फुगवटा होता. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हा एकच भाग मी वयावरून बदलते, कारण त्याचं आयुष्य खरोखरच मर्यादित असतं, आणि तो गेला की जाताना ट्रान्स्फॉर्मरही घेऊन जातो.

घूं आवाजाचंही मूळ इथेच. आणि हे गिटारवाल्यांना कानाने ओळखता येतं. अमेरिकन लेखांत ६० आणि १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते इथे लागू नाही. आपल्याकडे फिल्टर खराब असेल तर १०० हर्ट्झ ऐकू येतो. फिलामेंटच्या तारांतून किंवा अर्थच्या चुकीच्या जोडणीतून आलेला घूं ५० चा असतो. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा आहे. घूं त्याच्या अगदी जवळ, किंचित चढा लागला तर फिल्टरकडे बघा. त्याच्या खालच्या सप्तकात लागला तर तारांकडे. या अ‍ॅम्पचा तिसऱ्या फ्रेटचाच होता, आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तसाच राहायचा.

जुना डबा मी काढला नाही. तो चासीवर दिसतो, त्याची जागा तीच. त्याच्या सगळ्या तारा सोडवल्या आणि आतल्या बाजूला टॅग पट्टी लावून त्यावर २२ मायक्रोफॅरडचे चार नवे कंडेन्सर बसवले, ५०० व्होल्टचे. दुकानात ४५० व्होल्टचे सहज मिळतात आणि दुकानदार तेच घ्या म्हणतो. पण ५यू४ चालू करताच काही सेकंदांत तापतो आणि पुढचे ६व्ही६, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे दोन व्हॉल्व, तापायला वेळ घेतात. त्या मधल्या वेळात कुणीच करंट ओढत नसल्यामुळे व्होल्टेज ४५० ला टेकतं. कड्यावर उभं राहण्यापेक्षा ५०० वाले मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवले. बायसचा (६व्ही६चा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा) आणि कॅथोडांचे छोटे इलेक्ट्रोलिटिकही त्याच कारणाने बदलले.

इथे थोडं सुरक्षेबद्दल, कारण हे वाचून कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेईल. प्लग काढल्यावरही या डब्यात चारशे व्होल्ट बसलेले असू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स क्रोकोडाइल क्लिपने लावा, मीटर लावून ठेवा, आकडा पाच व्होल्टच्या खाली जाईपर्यंत थांबा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना एकच हात आत, दुसरा पाठीमागे. वडील हे करताना मधेच ओरडून "हात!" म्हणायचे. अजून ऐकू येतं.

फिल्टर झाले, बल्ब मंद झाला, ६व्ही६ची जोडी बसवली. मिनिटभरात एका व्हॉल्वची प्लेट, म्हणजे आतला पत्रा, मधोमध लाल व्हायला लागली. जळक्या वासाचा मालक हा. लगेच बंद.

लाल प्लेट दिसली की लोक व्हॉल्व बदलतात. नवा व्हॉल्वही लाल होतो, मग तोही बदलतात. मी दोन्ही व्हॉल्वची जागा आपसांत बदलली. लाली सॉकेटपाशीच राहिली. म्हणजे व्हॉल्व निर्दोष, सॉकेटला काहीतरी चुकीचं मिळतंय. दोन्ही व्हॉल्व काढले, ट्रेमोलो (आवाज थरथरवणारा भाग) शून्यावर, आणि सॉकेटच्या पाचव्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मोजलं. एकीकडे उणे ३३, दुसरीकडे उणे २०. ६व्ही६ला करंटचा लगाम हाच उणे व्होल्टेज घालतो. उणे २० वर तो लगाम सुटलेला असतो.

दोन्ही ग्रिडना बायस एकाच ठिकाणाहून २२० किलोओहमच्या दोन रेझिस्टन्समधून येतो. ते दोन्ही मोजून ठीक निघाले. मग तेरा व्होल्टचा फरक कुठून? आधीच्या टप्प्याकडून येणाऱ्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कंडेन्सरमधून. त्याने फक्त आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागचे सव्वादोनशे व्होल्ट अडवायचे. तो गळत असला तर ग्रिड वर ओढला जातो. हिशोब केला: १३ व्होल्ट भागिले २२० किलोओहम, म्हणजे ५९ मायक्रोअँपिअर. एवढी गळती म्हणजे कंडेन्सर साधारण सव्वाचार मेगाओहमच्या रेझिस्टन्ससारखा वागतोय. त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवून मीटर लावलं. चांगल्या कंडेन्सरवर इथे काही मिलिव्होल्ट दिसतात. इथे १६० व्होल्ट. मीटरची स्वतःची १० मेगाओहमची बाजू धरली तर हिशोबाशी तंतोतंत जुळणारा आकडा.

मला या कामातला हाच क्षण सगळ्यात आवडतो. कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा एक होतात आणि शंका उरत नाही. काढलेला कंडेन्सर नंतर साध्या कपॅसिटन्स मीटरवर लावला, तर ०.१ च्या अगदी जवळ, ठणठणीत दाखवला. कारण ते मीटर दोन-तीन व्होल्टवर तपासतं. गळती दिसते ती दोनशे व्होल्ट डोक्यावर आल्यावर. म्हणून कंडेन्सर जागेवर, चालू सर्किटमध्येच मोजावा लागतो.

त्याचा जोडीदार, दुसऱ्या ग्रिडचा, मी तसाच मोजला. चाळीसेक मिलिव्होल्ट. त्याला हात लावला नाही. बाकीचे सगळे कपलिंग कंडेन्सरही एकेक करून मोजले आणि जागेवर ठेवले. ओळखीच्या एका गिटारवाल्याने विचारलं, "उघडलाच आहे तर सगळे का नाही बदलत?" फेंडरचा बोर्ड दाबलेल्या फायबरचा असतो, त्यात पितळी आयलेट ठोकलेली, आणि एकेका आयलेटमध्ये तीन-तीन चार-चार पाय एकत्र सोल्डर केलेले. एक पाय काढायचा म्हणजे बाकीच्यांनाही तापवायचं. पन्नास वर्षं टिकलेला सांधा गरज नसताना वितळवला की पुढचा बिघाड आपणच पेरतो. शिवाय कारखान्यातला सोल्डर जसाच्या तसा असला की पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला कळतं, इथे कुणी हात घातलेला नाही, इथे शोधायला नको.

नवा कंडेन्सर बसल्यावर दोन्ही ग्रिडवर उणे ३३. कॅथोडच्या आठव्या पिनला १ ओहमचा रेझिस्टन्स टाकला. त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजे थेट मिलिअँपिअर. प्लेटवर ३९५ व्होल्ट, करंट २३. म्हणजे नऊ वॉट. ६व्ही६ला चौदाची मर्यादा आहे, तेव्हा आरामात. या मॉडेलला बायस फिरवायला पॉट दिलेलाच नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला नसता तर रेझिस्टन्स बदलून जुळवावा लागला असता.

अ‍ॅम्प वाजू लागला, तेव्हा मागचे आवाज वर आले. तळणाच्या कढईतल्यासारखा चरचराट मधेच उठायचा. एकेक व्हॉल्व पुढून काढत गेले. पहिला १२एएक्स७ काढला की शांत. म्हणजे दोष तिथेच. व्हॉल्व बदलला, तरी चरचर. मग लाकडी काडीने एकेक भाग हलकेच टोचत गेले आणि १०० किलोओहमच्या एका प्लेट रेझिस्टन्सला टोचल्यावर आवाज उसळला. मोजला तर १२८. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टन्स दमट हवेत ओल ओढतात आणि वर सरकतात. तो एक बदलला.

ओल हा गोव्याहून आलेल्या प्रत्येक यंत्राचा विषय. मीटरची एक काडी चासीला आणि दुसरी नुसत्या काळ्या फायबरवर, कुठल्याही सांध्याला न लागता टेकवली, तर तीन-चार व्होल्ट दिसत होते. बोर्डच करंट वाहत होता! त्यामुळे व्हॉल्यूम पॉट फिरवताना खरखर यायची आणि लोक पॉटवर स्प्रे मारत बसले असते. मी चासी खोक्यात घातली, आत ६० वॉटचा बल्ब, आणि झाकण किंचित उघडं ठेवून रात्रभर सोडून दिली. सकाळी बोर्डवर शून्याच्या जवळ. हा उपाय कायमचा नाही. अ‍ॅम्प वापरात राहिला तर व्हॉल्वच्या उष्णतेने बोर्ड सुका राहतो. बंद खोलीत पडला तर पुन्हा ओल धरणार. भाच्यांना मी हे बजावून सांगितलंय: पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर वाजवा.

रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा भाग, मुका होता. खाली कापडी पिशवीत लांबट पत्र्याची पेटी असते, तिच्यात दोन स्प्रिंगा. ही स्प्रिंगची युक्ती हॅमंड ऑर्गनवाल्यांची. इनपुटच्या कॉइलला ०.८ ओहम, बरोबर. आउटपुटच्या कॉइलला २०० च्या आसपास यायला हवे होते, आला खुला, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. कॉइल बहुधा चांगली असते. तुटते ती कॉइलपासून सॉकेटपर्यंत जाणारी बारीक तार. भिंग लावून पाहिलं, सॉकेटच्या टोकाशीच तुटली होती. नखाने लाख खरवडून जोडली. गिटारची एक तार छेडली आणि आवाज संपल्यावरही खोलीत घुमत राहिला. भाचे काही बोलले नाहीत, नुसते पुन्हा पुन्हा तीच तार छेडत राहिले.

स्पीकरचा कागद डागाळलाय पण कुठे घासत नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही. लाल झालेला ६व्ही६ नव्याच्या तुलनेत जरा कमी करंट देतो, तरी जोडी अजून चालेल. बदलायची वेळ आली तर स्लोव्हाकियात बनलेले नवे मिळतात. ट्रेमोलो मात्र वेग पूर्ण वाढवला की अडखळतो. त्याच्या ऑसिलेटरमध्ये तीन छोटे कंडेन्सर आहेत. पुढच्या रविवारी ते एकेक करून मोजणार आहे, आणि जो गळत असेल तेवढाच बदलणार.